पुहोल्सच्या ७०३ मधले ते २२२ वगळू नका: बेसबॉल लेखकांच्या संघटनेला खुलं पत्र

बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिकाच्या तमाम मतदारांना,

नमस्कार मंडळी. तुमच्यातल्या एकालाही मराठी वाचता येत असेल अशी माझी बिलकुल अपेक्षा नाही, पण खुल्या पत्राचं असंच असतं, नाव एकाचं आणि वाचतात भलतेच, आणि इथे सेंट लुईसला आमच्या मराठी मंडळींमध्ये गणपतीच्या जेवणापासून ते पोरांच्या लिटिल लीगच्या मॅचपर्यंत जिथे चार जण जमतील तिथे या विषयावर जी तोंडातोंडी चालू असते, ती बघता हे एकदा कुठेतरी नीट लिहून ठेवायला हवंच होतं.

विषय आल्बर्ट पुहोल्स, आमच्या सेंट लुईस कार्डिनल्सचा २०२२ ला रिटायर झालेला बॅटर, एकूण होमरन ७०३ (होमरन म्हणजे बॉल थेट कुंपणापार, आपला सिक्सर समजा). तुमच्या हातात त्याचं नाव असलेली मतपत्रिका यायची ती नोव्हेंबर २०२७ मध्ये, निकाल जानेवारी २०२८ ला. (आपल्या वाचकांसाठी पटकन सांगतो, रिटायर झाल्यावर पाच वर्षं थांबायचं, मग हे लेखक लोक मत देतात, संघटनेत दहा वर्षं काढलेल्यालाच मत, एकाला जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करता येते, आणि ७५ टक्के मिळाले की कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये तुमची ब्राँझची पाटी लागते.) पुहोल्स निवडून येणार की नाही याची मला काडीची चिंता नाही. तो येणारच, पहिल्याच वर्षी येणार, त्यावर कोणी पैज लावायला तयार असेल तर मला भेटा. माझी कटकट वेगळी आहे. तुम्ही तेव्हा जे लेख लिहाल ना, ते मला आत्ताच डोळ्यासमोर दिसतायत, पहिली अकरा वर्षं सेंट लुईसला देवमाणूस, मग दहा वर्षं अनाहाइमच्या एंजल्स टीमच्या गळ्यातला धोंडा, मग परत घरी येऊन दोन महिन्यांची जादू, ७०० होमरन पार, टाळ्या, रुमाल डोळ्याला, समाप्त. ही गोष्ट २०२२ पासून इतक्या वेळा सांगून झालीये की तीच खरी वाटायला लागलीये.

त्यातला मधला भाग मला मान्य नाही, त्यासाठीच हे पत्र.

आधी साधी बेरीज करू. कार्डिनल्सकडून २००१ ते २०११ मध्ये ४४५ होमरन. एंजल्सकडून २०१२ पासून मे २०२१ पर्यंत २२२. डॉजर्सकडून त्याच वर्षी १२. आणि शेवटच्या २०२२ च्या सीझनला परत कार्डिनल्सकडून २४. झाले ७०३. आता यातनं तो धोंडा काढा बघू. राहिले ४८१, म्हणजे ७०० सोडा, ५०० पण नाहीत! ज्या दहा वर्षांचा उल्लेख करताना तुम्ही चमच्यानं कडू औषध पाजल्यासारखं लिहिता, त्याच दहा वर्षांनी तो आकडा उभा केलाय ज्याच्यासाठी तुम्ही सगळे २०२२ च्या सप्टेंबरमध्ये विमानं पकडून गावोगाव फिरत होता.

आणि नुसता आकडा नाही. ५०० वा होमरन कधी आला? २२ एप्रिल २०१४, वॉशिंग्टनला नॅशनल्सच्या मैदानावर, ४९९ आणि ५०० दोन्ही एकाच मॅचमध्ये, दोन्ही टेलर जॉर्डनच्या बॉलवर, आणि एकाच दिवशी हे दोन टप्पे गाठणारा तो पहिलाच. अंगावर जर्सी एंजल्सची. ६०० वा, ३ जून २०१७, अनाहाइमला, मिनेसोटाच्या अर्व्हिन सांतानाला, आणि तोही साधासुधा नाही, तिन्ही बेसवर माणसं असताना, ग्रँड स्लॅम. सहाशेवा होमरन ग्रँड स्लॅम असलेला दुसरा माणूस नाही. ३००० वी हिट (बॉल मारून सुखरूप बेस गाठला की हिट) ४ मे २०१८ ला सिॲटलमध्ये. २००० वा आरबीआय (म्हणजे याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेला रन) ९ मे २०१९ ला डेट्रॉइटमध्ये, तो पण होमरन मारूनच. (त्या बॉलचं प्रकरण आठवतंय का, एका प्रेक्षकानं बॉल पकडला आणि तो द्यायलाच तयार होईना, स्टेडियमवाल्यांनी गळ घातली तरी बॉल घेऊन घरी गेला, आणि पुहोल्सचं म्हणणं काय, तर राहू दे त्याच्याकडे, हे बॉल प्रेक्षकांचेच असतात. शेवटी त्या गड्यानं आपणहून तो हॉल ऑफ फेमला देऊन टाकला. मला या माणसाबद्दल, म्हणजे दोन्ही माणसांबद्दल, फार आपुलकी आहे.) मग सप्टेंबर २०२० मध्ये, त्या रिकाम्या स्टेडियमच्या कोरोनाच्या सीझनमध्ये, डेन्व्हरला ६६० वा मारून विली मेजला गाठलं आणि पाच दिवसांनी टेक्ससविरुद्ध मागे टाकलं, ते बघायला तर स्टँडमध्ये कोणी नव्हतंच.

७०० होमरन आणि ३००० हिट्स दोन्ही असलेली माणसं या खेळाच्या इतिहासात दोन. हँक आरन आणि पुहोल्स. बेब रूथ नाही, बॅरी बाँड्स नाही, दोघांच्याही ३००० हिट्स झाल्या नाहीत. यातली हिट्सची पाटी जिथे रंगली ती सिॲटलची मॅच वाया गेलेल्या वर्षांमधली.

आता मी काही आंधळा भक्त नाही. त्या दहा वर्षांत तो बऱ्याच वेळा खरंच वाईट खेळला, हे मी त्याच्या नावाची जर्सी घालून सांगतो. पहिल्या अकरा वर्षांत जो दर सीझनला तीनशेच्या वर ॲव्हरेज (हजार चान्सला किती हिट, ते .३०० असं लिहितात) काढायचा (२०११ ला एका केसानं हुकलं, .२९९), त्याचं ॲव्हरेज एंजल्समध्ये २८५ च्या वर एकदाही गेलं नाही आणि नंतर तर २५० पण जड जायला लागलं. २०१३ मध्ये पायाच्या तळव्याचं दुखणं इतकं वाढलं की जुलैतच सीझन संपला. नंतर पावलांच्या सर्जऱ्या झाल्या, गुडघा झाला, आणि मग पहिल्या बेसपर्यंत त्याचं ते पळणं, खरं म्हणजे चालणंच, बघवत नसे. इतका सावकाश की शॉर्टस्टॉपनं बॉल अडवून, हातात घोळवून, घरची खुशाली विचारून मग फेकला तरी हा आउट. डबल प्लेमध्ये (एकाच फटक्यावर दोघं आउट) सापडण्याचा सर्वकालीन रेकॉर्ड त्याच्याच नावावर आहे, ४२६ वेळा. आणि २०१७, ज्या वर्षी तो ६०० वा ग्रँड स्लॅम आला, त्याच वर्षी तुमच्या लाडक्या वॉर नावाच्या आकड्यात तो शून्याच्या खाली गेला होता, म्हणजे गणित असं सांगत होतं की याच्या जागी मायनर लीगमधला कोणी पण उचलून आणला असता तरी टीमचं बरं झालं असतं. त्याच वर्षी १०१ आरबीआय पण आहेत, पण आरबीआयला आता कोण विचारतं. समोर माइक ट्राउटसारखा माणूस बेसवर उभा असला की आरबीआय होतात, असं तुम्हीच शिकवलंत, आणि ते खोटं नाही.

हे सगळं कबूल. पण याचं खापर ज्या गोष्टीवर फोडलं जातं ती म्हणजे ते कॉन्ट्रॅक्ट, दहा वर्षं, २४ कोटी डॉलर, आणि ते पण अशा बेतानं की पहिल्या वर्षी १ कोटी २० लाख आणि शेवटच्या वर्षी ३ कोटी, म्हणजे माणूस जसजसा म्हातारा होणार तसतसा महाग होणार. दर वर्षी स्प्रिंग ट्रेनिंगला तुमच्यातले दहा जण तेच लिहायचे, बेसबॉलमधलं सगळ्यात वाईट कॉन्ट्रॅक्ट. मला एक सांगा, त्या कागदावर ते आकडे कोणी टाकले? ३२ व्या वर्षाला टेकलेल्या माणसाला दहा वर्षं द्यायची बुद्धी मालकाला झाली, टेलिव्हिजनचे हक्क विकून पैसा खुळखुळत होता म्हणून झाली, आणि टोमणे कोणी खाल्ले तर ज्याला रोज बूट घालून मैदानात उतरायचं होतं त्यानं.

आणि दुसरी बाजू कोणी लिहीतच नाही. २००१ मध्ये, पहिल्या वर्षी, त्यानं .३२९ ॲव्हरेज, ३७ होमरन आणि १३० आरबीआय केले, सगळ्यांच्या मतानं रूकी ऑफ द इयर झाला, तेव्हा त्याला मिळाले किती? २ लाख डॉलर. लीगचा किमान पगार. या धंद्याचा नियमच असा आहे की पहिली सहा वर्षं पोरगं टीमच्या ताब्यात, बाजारभाव काय चाललाय हे त्यानं विचारायचं नाही, आणि मग अंगातलं बळ ओसरायला लागलं की पैशाची पोती उघडायची आणि वर म्हणायचं की बघा किती महाग पडला. ड्राफ्टच्या (टीम्स नवी पोरं पाळीपाळीनं निवडतात तो) तेराव्या फेरीत, ४०२ वा निवडलेला पोरगा तो. सँटो डोमिंगोहून सोळाव्या वर्षी अमेरिकेत आलेला, कॅन्सस सिटीजवळ इंडिपेन्डन्स नावाच्या गावात शाळेत गेलेला, आणि १९९९ च्या ड्राफ्टमध्ये ४०१ जणांना त्याच्याआधी घेतलं गेलं. कार्डिनल्सला तो ज्या भावात मिळाला त्या भावात इथे धड वापरलेली बस येत नाही. तेव्हाची उधारी एंजल्सनं फेडली म्हणा ना. फेडणारा चुकीचा होता, एवढंच.

मराठी वाचकांना मी हे समजावतो तेव्हा सचिनच्या शंभराव्या शतकाचं वर्ष आठवायला सांगतो. ९९ वं मार्च २०११ मध्ये नागपूरला, १०० वं मार्च २०१२ मध्ये मीरपूरला, आणि मधल्या वर्षात आपणच, हो आपणच, चहाच्या टपरीवर त्याला काय काय सल्ले देत होतो ते आठवा. पुहोल्सनं ते दहा वर्षं झेललं, आणि ज्या गावात झेललं तिथे त्याच्यावर जीव टाकणारं लहानपणापासूनचं पब्लिक पण नव्हतं. त्या दहा वर्षांत एंजल्स प्लेऑफला पोचले एकदा, २०१४ मध्ये, आणि तिथे पण कॅन्सस सिटीनं तीन मॅचमध्ये गाशा गुंडाळायला लावला.

६ मे २०२१ ला एंजल्सनं त्याला काढलं. सीझन सुरू होऊन जेमतेम महिना, ॲव्हरेज .१९८, होमरन ५, एकूण ६६७. वय ४१. तेव्हा तुमच्यातल्या कितीतरी जणांनी श्रद्धांजलीच्या सुरातले लेख लिहिले, की आता थांबावं, शोभा होतीये. बरं, लिहिलं ते लिहिलं, मला पण त्या आठवड्यात तसंच वाटत होतं. पण तो थांबला नाही, दहा दिवसांत डॉजर्सनं उचलला (पगार एंजल्सच देत होते, डॉजर्सला तो जवळपास फुकटात पडला), तिथे त्याला फक्त डावखुऱ्या पिचर्ससमोर आणि अडीअडचणीला वापरला, आणि त्यानं १२ मारले. मग थंडीत काय केलं तर सँटो डोमिंगोला जाऊन एस्कोहिदो टीमकडून थंडीतली विंटर लीग खेळला. बेचाळिशीला आलेला, २४ कोटी मिळवून बसलेला माणूस, पोरासोरांबरोबर. हे तुमच्यापैकी किती जणांनी जाऊन बघितलं?

आता मी ज्याला नशीब म्हणतो तो भाग. २०२१-२२ च्या थंडीत मालकांनी लॉकआउट केला, मार्चपर्यंत सगळं बंद, आणि जेव्हा नवा करार झाला तेव्हा त्यात कार्डिनल्स खेळतात त्या नॅशनल लीगला पण डीएच (फक्त बॅटिंगला उतरणारा गडी) आला. म्हणजे ज्याला फील्डिंग झेपत नाही पण बॅट चालते अशा माणसाला पहिल्यांदाच कार्डिनल्सच्या लाइनअपमध्ये कायमची खुर्ची मिळाली. हा नियम वर्षभर उशिरा आला असता तर पुहोल्स ६७९ वर घरी बसला असता आणि आज मी हे पत्र लिहीत नसतो. मार्चच्या अखेरीस २५ लाख डॉलरवर सही झाली. मॅनेजर ऑली मार्मोल, वय ३५, म्हणजे आपल्या डीएचपेक्षा सहा वर्षांनी लहान!

आणि इथून पुढे ती जादूची गोष्ट सुरू होते, जिच्यावर माझा दुसरा आक्षेप आहे. कारण ती जादू नव्हती. जुलैमध्ये ऑल-स्टार ब्रेकला त्याचं ॲव्हरेज .२१५ होतं आणि होमरन सहा. बुश स्टेडियममध्ये लोक टाळ्या वाजवत होते त्या त्याच्यासाठी, २०११ साठी, आपल्या तरुणपणासाठी, स्कोअरसाठी नाही. ऑल-स्टारला पण कमिशनरनं मानाचं पान म्हणून बोलावलेला. मग डॉजर स्टेडियमवर होमरन डर्बी (नुसते होमरन मारायची स्पर्धा) झाली, पहिल्या फेरीत अव्वल मानांकन असलेला काइल श्वार्बर समोर, आणि मध्येच लीगमधले सगळे नावाजलेले गडी मैदानात येऊन म्हाताऱ्याला मिठ्या मारायला लागले, सगळ्यांना वाटलं झाला निरोप. आणि त्या निरोपानंतर यानं श्वार्बरला हरवलं. पुढच्या फेरीत हुआन सोतोकडून हरला ते जाऊ दे.

त्यानंतरच्या अडीच महिन्यांत १८ होमरन. लोक म्हणतात डर्बीनं त्याला लय सापडली, असेल बुवा, पण मॅचेस बघणाऱ्याला काय दिसत होतं ते सांगतो. तोच रुंद स्टान्स, दोन्ही पाय आधीच फाकवून रोवलेले, गुडघ्यात वाकलेला, हात कानाच्या वर, पुढचा पाय जवळपास उचललाच जात नाही, टाच किंचित हलते आणि बॅट येते. वीस वर्षं हाच स्विंग. ज्याला पळता येत नाही त्याला पण हा स्विंग मारता येतो कारण त्यात पळण्यासारखं काही नाहीच, त्यात फक्त बॉल काय येणार हे आधी कळायला लागतं. आणि मार्मोल त्याला मुख्यतः डावखुऱ्यांसमोरच काढत होता, म्हणजे जिथे त्याची नजर अजून तरुण होती तिथेच. हे डोकं होतं. आणि ते डोकं कुठे तयार झालं? जिथे पाय गेले, खांद्यातली ताकद गेली, रोज ०-४ (चार वेळा बॅटिंग, हिट शून्य) घेऊन परत उद्या उभं राहायला लागलं, तिथे, अनाहाइममध्येच. तुम्ही म्हणाल हा माझा अंदाज आहे. आहेच. पण जादूवाल्यांच्या अंदाजापेक्षा बरा आहे.

आणि ते होमरन शोभेचे पण नव्हते. १८ ऑगस्टला रॉकीजविरुद्ध पिंच हिटर (दुसऱ्याच्या जागी ऐनवेळी बॅटिंगला पाठवलेला) म्हणून आला आणि ग्रँड स्लॅम, तो पण ऑस्टिन गोम्बरला, ज्याला आमच्याच टीमनं अरेनाडोच्या बदल्यात तिकडे पाठवलं होतं. ती मॅच १३-० होती, सोडून द्या. पण २२ ऑगस्टला रिग्ली फील्डवर, शिकागो कब्जच्या मैदानावर, ६९३ वा आला ती मॅच आम्ही १-० नं जिंकलो, तो एक रन म्हणजे तोच होमरन. ४ सप्टेंबरला परत कब्ज, आठवी इनिंग, ०-०, पिंच हिटर, ६९५ वा, मॅच २-० खिशात. ११ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये नवव्या इनिंगला दोन रनचा होमरन, मॅच ४-३, आणि तोच ६९७ वा, म्हणजे ॲलेक्स रॉड्रिग्जला मागे टाकणारा. टीम डिव्हिजन जिंकली. निरोपाच्या दौऱ्यावर आलेल्या पाहुण्याला नवव्या इनिंगला कोणी बॅटिंगला पाठवत नाही.

पिट्सबर्गच्याच आदल्या दिवशीची एक गोष्ट, ६९६ वा बॉल एका बाईंनी आणला परत द्यायला, वडील वर्षभरापूर्वीच गेलेले, बोलता बोलता ते निघालं, तर यानं बॉल घेतलाच नाही, उलट आणखी सही करून दिली. ही गोष्ट मतदानात धरू नका, मला आवडते म्हणून सांगितली.

मला यापेक्षा मोलाचा वाटतो तो एक आकडा ज्याची बातमी दोन दिवस टिकली आणि गेली. २९ ऑगस्टला सिनसिनाटीत ६९४ वा मारला तो रॉस डेटवायलरला, आणि डेटवायलर हा त्याचा ४५० वा बळी. ४५० वेगवेगळे पिचर! बाँड्सचे ४४९ होते. पहिला आर्मांडो रेनोसो, एप्रिल २००१, ॲरिझोनाचा. विचार करा, ४५० माणसं, प्रत्येकाचा हात वेगळा, बॉल सोडायची जागा वेगळी, स्लायडर (आडवा वळणारा बॉल) वेगळा, काही जण पुहोल्सच्या पहिल्या होमरनच्या वेळी शाळेत पण गेलेले नव्हते. मैदानात वर्षानुवर्षं टिकून राहिल्याशिवाय हा रेकॉर्ड होतच नाही, अकरा वर्षांच्या देवपणानं पण होत नाही.

७०० ची रात्र तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती, तुम्ही प्रेस बॉक्समध्ये होता. मी इथे सोफ्यावर होतो, शुक्रवार, २३ सप्टेंबर, मॅच लॉस एंजेलिसला म्हणजे आमच्याकडे रात्री नऊनंतर सुरू, आणि नेहमीच्या चॅनलवर नाही तर एका स्ट्रीमिंग ॲपवर, त्यामुळे शेजारचे दोन म्हातारे कार्डिनल्सवाले पासवर्ड नाही म्हणून आमच्याकडे येऊन बसलेले, बायकोनं त्यांना साबुदाण्याच्या पापड्या दिल्या. तिसऱ्या इनिंगला अँड्र्यू हीनीला ६९९ वा. पापड्यांचा डबा अजून फिरतोय तोवर चौथ्या इनिंगला परत तो, बेसवर दोघं, समोर फिल बिकफर्ड, स्लायडर आला आणि लेफ्टला गेला. मला वाटलं होतं म्हातारे ओरडतील. एक जण नुसता उठून उभा राहिला, स्वतःच्या घरात असल्यासारखा, आणि बसायचं विसरला. टीव्हीवर डॉजर्सचं पब्लिक, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं, उभं राहून टाळ्या वाजवतंय, आणि पुहोल्स सगळ्यात आधी जाळीकडे गेला, तिथे मागे आद्रियान बेल्त्रे बसला होता, पुहोल्सच्याच देशातला, त्याच्याच पिढीचा, जाळीतनंच त्याच्या हाताला हात लावला. मग डगआउट. मॅच ११-०. त्याच आठवड्यांत न्यूयॉर्कला आरन जज एका सीझनमधल्या ६१ होमरनच्या अमेरिकन लीगच्या रेकॉर्डच्या मागे होता म्हणून तुमच्यातले अर्धे तिकडे होते, नाहीतर ही बातमी आणखी मोठी झाली असती असं आमच्या शेजाऱ्यांचं म्हणणं आहे. ७०१ ते ७०३ पुढच्या दहा दिवसांत, शेवटचा ३ ऑक्टोबरला पिट्सबर्गमध्ये.

आता मतदानाकडे येतो, कारण मुळात तुम्ही मतदार आहात.

हँक आरनला १९८२ मध्ये ४१५ पैकी ४०६ मतं मिळाली. नऊ जणांनी हँक आरनला मत दिलं नाही. हे वाक्य मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा डोकं गरगरतं. विली मेजला १९७९ मध्ये ४३२ पैकी ४०९, तेवीस जण नाही म्हणाले. बेब रूथला १९३६ मध्ये अकरा जणांनी नाकारलं. केन ग्रिफीला तिघांनी, जीटरला एकानं, आणि परवा परवा २०२५ मध्ये इचिरोला ३९४ पैकी ३९३. पूर्ण मतं मिळालेला अख्ख्या इतिहासात एकच, मारियानो रिव्हेरा, २०१९. आणि जीटरचा तो एक कोण, इचिरोचा तो एक कोण, आजपर्यंत पत्ता नाही, कारण मतपत्रिका जाहीर करायची की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. तुमच्या संघटनेनं, हे तुमच्या बाजूनं बोलतोय, डिसेंबर २०१६ मध्ये ८० विरुद्ध ९ मतांनी ठराव केला होता की सगळ्या मतपत्रिका उघड करायच्या, आणि हॉल ऑफ फेमच्या बोर्डानं पुढच्या वर्षी तो फेटाळून लावला. म्हणजे तुम्हाला लाज आहे, त्यांना नाही. मग बोर्डाची वाट कशाला बघता, प्रत्येकानं आपापली उघड करायला कोणी हात धरलाय?

पुहोल्सला शंभर टक्के मिळालेच पाहिजेत असा माझा हट्ट नाही. कोणाला खरंच वाटत असेल की हा माणूस त्या पाटीच्या लायकीचा नाही, तर त्यानं खूण करू नये. पण कारण जर एंजल्सची दहा वर्षं हे असेल, तर आधी आरनच्या ७५५ कडे बघा. त्यातले शेवटचे २२ मिलवॉकी ब्रूअर्सकडून, १९७५ आणि ७६, डीएच म्हणून, ॲव्हरेज .२३४ आणि मग .२२९. ते वजा करून कोणी ७३३ लिहितं का? रूथचं शेवटचं वर्ष, १९३५, बोस्टन ब्रेव्ह्ज, ॲव्हरेज .१८१, धड पळता येत नाही, आणि २५ मे ला पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर एका मॅचमध्ये तीन होमरन, ७१२, ७१३, ७१४, आणि आठवड्याभरात खेळ बंद. त्या ७१४ ला लोकांनी चाळीस वर्षं देव्हाऱ्यात ठेवलं. तो मोडताना आरनला पोत्यानं धमक्यांची पत्रं आली. तेव्हा कोणी म्हटलं नाही की .१८१ वाले होमरन धरू नका. मग पुहोल्सच्याच बाबतीत प्रत्येक होमरनला पगाराची पावती का टाचता?

तेव्हा मागणी दोन ओळींची आहे. मत काहीही द्या, खाली नाव लिहा. आणि लेख लिहाल तेव्हा ५००, ६०० आणि ३००० या तिन्ही दिवशी त्याच्या अंगावर कुठली जर्सी होती ते लिहा, त्या मॅचेस कव्हर केलेले लोक तुमच्यातच आहेत, त्यांना विचारा.

आमचाच कॅचर यादियेर मोलिना पण त्याच यादीत असणार, तो पण २०२२ लाच थांबला. त्याच्या बॅटिंगच्या आकड्यांवरनं तुम्ही काय काय बोलणार आहात याची कुणकुण मला आत्ताच लागलीये, पण त्यासाठी वेगळं पत्र लागेल आणि ते याच्यापेक्षा बरंच लांब असेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सेंट लुईसचा एक मराठी कार्डिनल्सवाला